ओरछ्याला गेल्यावर जेवायचं कुठं?

पहिल्यांदाच ओरछा-खजुराहोला निघालेल्या मराठी कुटुंबाचे प्रश्न ठरलेले असतात. तिकडं आपल्यासारखी पोळी मिळते की तंदुरी रोटीच चावायची? बाबांना साखर आहे, त्यांनी रात्री काय खायचं? आईचा गुरुवार मधेच येतो, साबुदाणा मिळेल का? धाकटीला तिखट सोसत नाही, तिचं काय? सगळं विचारून झालं की कुणीतरी शेवटचा प्रश्न टाकतं: तिथलं म्हणून काही खायला मिळतं का हो?

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘पहिला प्रवास’ हा विषय दिला, तेव्हा हा शेवटचा प्रश्न धरून मी निघालो. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं कुठलाही हॉटेलवाला फोनवर देतो. पाचव्याचं उत्तर त्याच्याकडं नसतं. पर्यटनगावातलं स्वयंपाकघर पाहुण्याच्या जिभेकडं बघून चालतं. त्या मुलखात काय पिकतं आणि घराघरांत काय रांधलं जातं, हे कळायला पर्यटक जिथं उतरतच नाहीत अशा गावात जावं लागतं. म्हणून ओरछ्याच्या आधी गरौठा गाठलं.

गरौठ्यात बाहेर कोण खातं?

गरौठा हे झाशी जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. झाशीहून खजुराहोला जाणाऱ्या हमरस्त्यावर मऊरानीपूर लागतं, तिथून उत्तरेला वळायचं. दोन्ही बाजूंना भुईमूग, तीळ, हरभरा, मसूर, वाटाण्याची शेतं. गुरसराय आणि एरच ही गावं याच तहसिलीतली. एरच बेतवेच्या काठावर आहे. हिरण्यकश्यपूची राजधानी तीच आणि होळी पेटली ती इथंच, असं इकडची माणसं सांगतात.

गरौठ्यात पर्यटक नाही. मग इथं बाहेरचं खाणार कोण? तहसील कचेरीच्या आसपास तासभर उभं राहिलं की उत्तर मिळतं. खतौनीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल काढायला आलेला शेतकरी, तारखेला आलेले दोन भाऊबंद, त्यांचे वकील, टाइप करून देणारा, शिक्के मारून घ्यायला थांबलेली म्हातारी. या सगळ्यांना दुपारी भूक लागते आणि ती भागवायला हलवायाचं दुकान आहे. कढईजवळ बसलेला माणूस कणकेचा गोळा तळहातावर चेपतो, त्यात भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीचं हिंग-बडीशेपेचं सारण भरतो आणि तोंड मिटून हाताच्या टाचेनं दाबतो. लाटणं कुठंच दिसत नाही. तेल फार तापू द्यायचं नाही, कारण कचोरी मंद आचेवरच फुगते आणि आतून कोरडी होते. पळसाच्या पानाच्या द्रोणात ती फोडून तिच्यावर बटाट्याचा पातळ, आंबट रस्सा ओततात. शेजारी समोसा, जिलबी आणि चहा. पुरी-भाजीही मिळते. दुकानातला पदार्थांचा पसारा एवढाच.

कढी-भात कुठं मिळेल असं विचारलं तर माणसं जरा नवलानं बघतात. कढी घरी असते. दलिया घरी असतो. भाकरी आणि वांग्याचं भरीत शेतावर असतं. ते विकत कशाला घ्यायचं?

यामागं उत्तर हिंदुस्तानातली जुनी विभागणी आहे. पाण्यात शिजवलेलं अन्न ते कच्चं आणि तुपातेलात तळलेलं किंवा दुधात आटवलेलं ते पक्कं. पक्कं अन्न बाहेर, प्रवासात, इतर बऱ्याच जातींच्या हातचंही चालायचं. वरण, भात, कढी, रोटी हे कच्चं अन्न फक्त घरात, सोयऱ्याधायऱ्यांत. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याशी याचं नातं आहे, पण बाजारावर झालेला परिणाम इकडं फार ठळक दिसतो. हलवायाचं दुकान पिढ्यान्‌पिढ्या पक्क्या अन्नावर चाललं. कच्च्या अन्नाला दुकानच मिळालं नाही. जातीपातीचे नियम सैल झाले तरी कढईशेजारी वरणाचं पातेलं आलं नाही.

म्हणजे बुंदेलखंडातलं रोजचं जेवण हॉटेलात का नाही, याचं उत्तर कुणी ते मुद्दाम वगळलं असं नाही. ते हॉटेलात कधी शिरलंच नव्हतं.

घरात काय शिजतं

जे शिरलं नाही ते काय आहे, याची यादी मराठी माणसाला ओळखीची वाटेल. थोपा घ्या. बेसन पाण्यात कालवून त्यात मीठ, मिरची, जिरं, लसूण घालायचं, कढईत घोटत घट्ट करायचं आणि तेल लावलेल्या ताटात हातानं थापायचं. गार झालं की वड्या पाडायच्या. आपली पाटवडीच ती. पुढं मात्र वाट बदलते. आपण रस्सा करतो, इकडं वड्या फोडणीच्या ताकात सोडतात.

महेरी म्हणजे ताकात शिजवलेलं भरड धान्य. बरा म्हणजे उडदाचा वडा, तो ताकात किंवा कढीत मुरवलेला. लग्नकार्यात कढी, बरा, भात आणि वर तुपाची धार असा बेत असतो. आवळ्याच्या दिवसांत आवळे भाजून, वाटून बेसनाबरोबर आंबट कालवण करतात, ते आंवरिया. खानदेशी वाचकाला मांडे ऐकून बरं वाटेल. इथंही मैद्याचे मांडे करतात आणि उपड्या घातलेल्या मातीच्या भांड्यावरच भाजतात.

महुआ म्हणजे आपला मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. उन्हं चढायच्या आत बायका-पोरं तो वेचतात आणि वाळवून वर्षभर ठेवतात. वाळलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटली की मुरका, नुसती कुटून लाडूसारखी वळली की लाटा. हरभरे-शेंगदाण्यांबरोबर उकडली की डुभरी. दुष्काळात या फुलांनी माणसं जगवली. म्हणूनच ती पाहुण्यापुढं ठेवायला घरची बाई थोडी लाजते. पाहुणा आला की पुरी तळायची, पनीर आणायचं. महुआ आपला आपल्यापुरता.

गहूसुद्धा इथला वेगळा. कठिया नावाचा कडक, लालसर गहू कमी पाण्यात, कोरडवाहू जमिनीत येतो. त्याचा दलिया सुटसुटीत होतो, चिकट होत नाही. 2024 साली बुंदेलखंडाच्या कठिया गव्हाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही झाशी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीच्या प्रयत्नातून. साखर असलेल्या बाबांनी रात्री काय खायचं, या प्रश्नाचं उत्तर याच तालुक्यांत पिकतं. ओरछ्याच्या मेनूकार्डावर मात्र ते नाही.

गोडसे भटजींची सोय

मराठी माणूस या मुलखात पहिल्यांदाच येतोय असं नाही. 1729 साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला जैतपूरला धावून आला, तेव्हापासून ये-जा आहे. रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर इकडं मामलतदार होऊन आले आणि ‘गोविंदपंत बुंदेले’ झाले. पानिपतच्या वेळी भाऊसाहेबांना पैसा आणि रसद पोचवण्याचा, अब्दालीची रसद तोडण्याचा भार त्यांच्यावर होता. 1760 च्या डिसेंबरात त्याच कामात ते मारले गेले आणि मराठी छावणीच्या पोटावर पाय आला. गरौठ्याशेजारच्या गुरसरायलाही दक्षिणी पंडितांची जहागीर होती. 1857 च्या धामधुमीत तिथं राजे केशवराव होते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा प्रवासी म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकर. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक 1857 साली काकांबरोबर उत्तरेत निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड पेटलं आणि हा माणूस झाशीच्या वेढ्यात, थेट लक्ष्मीबाईंच्या शहरात अडकला. त्याचं ‘माझा प्रवास’ 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापून आणलं. आपण ते इतिहासासाठी वाचतो. प्रवासी म्हणून वाचलं तर वेगळीच गोष्ट दिसते.

त्या काळच्या ब्राह्मण प्रवाशापुढं जेवणाचे तीन मार्ग होते. शिधा घ्यायचा आणि नदीकाठी चूल मांडून स्वतः रांधायचं. गावात दक्षिणी घर शोधायचं. नाहीतर संस्थानिकाच्या अन्नछत्रात किंवा अनुष्ठानाच्या पंगतीत बसायचं. विकत जेवण हा मार्गच नव्हता. त्यामुळं नव्या गावात शिरल्यावर त्याला आधी माणसं शोधावी लागत. कोण आपल्याकडचा, कुणाच्या वाड्यात उतरता येईल, कुणाकडं कार्य आहे?

गंमत अशी की आजची मराठी सहलही यातल्या पहिल्या मार्गानंच जाते. मोठ्या सहल कंपन्या गटाबरोबर आपला आचारी नेतात आणि खजुराहोच्या हॉटेलात सकाळी पोहे, रात्री वरणभात आणि एखाद्या दिवशी पुरणपोळी होते. त्यात हसण्यासारखं काही नाही. चाळीस माणसांत दहा ज्येष्ठ नागरिक असले तर हे शहाणपणच आहे. पण शिधा सोबत असला की माणसं शोधायची गरज उरत नाही. स्वतंत्रपणे, चार-सहा जणांनी जाणाऱ्यांनी गोडसे भटजींचा दुसरा आणि तिसरा मार्ग वापरून बघावा.

ओरछ्यात घड्याळ देवाचं

ओरछा झाशीपासून सोळा-सतरा किलोमीटरवर, पण मध्य प्रदेशात. 2018 पासून निवाडी जिल्ह्यात. गाव लहान आहे. एका बाजूला बेतवा, दुसरीकडं किल्ला आणि मधे रामराजाचा चौक. इथं राम देव म्हणून नाही, राजा म्हणून बसला आहे. त्याला पोलिसांची रोज सलामी होते. राजाच्या घरी जशी दिनचर्या तशी इथली. दुपारी राजभोग झाला की पट बंद होतात, ते हिवाळ्यात सातच्या सुमारास आणि उन्हाळ्यात आठच्या सुमारास उघडतात. भोगात पानाचा विडा आणि अत्तराची कळीही असते.

चौकातल्या भोजनालयांचं सगळं गणित या वेळांवर बसवलेलं आहे. सकाळी दर्शन करून आलेला यात्रेकरू पोहे-जिलबी, कचोरी खातो. पट बंद होताना दुसरी लाट येते, ती थाळीची. संध्याकाळच्या आरतीनंतर तिसरी. ज्या दिवशी पुष्य नक्षत्र असतं त्या दिवशी आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं लोटतात आणि चौकात पाय ठेवायला जागा नसते. दिनदर्शिकेत पुष्य बघून मग ओरछ्याचा दिवस ठरवा. गर्दीच हवी असेल तर त्याच दिवशी जा.

नदीच्या आणि किल्ल्याच्या बाजूच्या हॉटेलांचं घड्याळ वेगळं. ते दिल्लीच्या गाड्यांवर चालतं. परदेशी पर्यटकांचा ठरलेला रस्ता म्हणजे दिल्ली, आग्रा, मग रेल्वेनं झाशी, तिथून गाडीनं ओरछा आणि संध्याकाळपर्यंत खजुराहो. सकाळी शताब्दी येते, दुपारी गतिमान. स्टेशनवरून उचललेले गट ओरछ्यात तास-दोन तास फिरतात, जेवतात आणि निघून जातात. म्हणजे हंगामात दुपारी एक ते अडीच ही वेळ या हॉटेलांना बुफेची. त्या वेळात चार जणांचं कुटुंब जाऊन बसलं की वेटर हजर असतो, लक्ष मात्र दुसरीकडं. साडेतीनला जा, तेच हॉटेल शांत असतं. मध्य प्रदेश पर्यटन विकास महामंडळाचं शीशमहल तर किल्ल्याच्या आतच, जहांगीर महालाला लागून आहे. तिथं मुक्काम नसला तरी संध्याकाळचा चहा घेता येतो, आणि तो घ्यावाच.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. चौकाच्या आसपास सगळं शाकाहारी. आणि 1 एप्रिल 2025 पासून मध्य प्रदेश सरकारनं ज्या धार्मिक गावांत दारूविक्री बंद केली, त्यांत ओरछाही आहे.

तीन पातेली आणि लांबलचक मेनू

आता मेनूकार्ड उघडू. पनीरचे डझनभर प्रकार, मिक्स व्हेज, व्हेज कोल्हापुरी (हो, इथंही), मलाई कोफ्ता, दाल मखनी, हक्का नूडल्स, बनाना पॅनकेक. एवढ्या लहान गावात इतकं सगळं कसं बनतं?

एका स्वयंपाकघरात आचाऱ्यानं झाकणं उचलून दाखवलं. शेगडीच्या मागच्या बाजूला तीन मोठी पातेली. एकात कांदा-टोमॅटो शिजवून वाटलेली तांबडी ग्रेव्ही. दुसऱ्यात परतलेल्या कांद्याची तपकिरी. तिसऱ्यात मगज, काजूचे तुकडे आणि कांदा उकडून वाटलेली पांढरी. ही सकाळीच होतात. ऑर्डर आली की लोखंडी कढईत एक डाव तांबडी, अर्धा डाव पांढरी, पनीर, कसुरी मेथी, वर साय. झालं बटर मसाला. पांढरी वाढवली, गोडसर कोफ्ते सोडले की मलाई कोफ्ता. तपकिरीत लाल तिखट ढिलं सोडलं की कोल्हापुरी. चार-पाच मिनिटांत ताटली बाहेर जाते, आणि जायलाच हवी. बाहेर गाईड घड्याळ बघत उभा असतो.

या पद्धतीला नावं ठेवण्याचं कारण नाही. पाहुणा कधी येईल, किती येतील, काय मागतील याचा भरवसा नसलेल्या गावात ती टिकते. थोपा या पद्धतीत बसत नाही. तो घोटायला वेळ लागतो, थापून गार व्हावा लागतो आणि नाही खपला तर संध्याकाळी टाकून द्यावा लागतो. बरा आदल्या रात्री डाळ भिजवल्याशिवाय होत नाही. गावचं जेवण हॉटेलात न दिसण्याचं दुसरं कारण हे. ते ऑर्डरीवर होत नाही, सांगून ठेवल्यावर होतं.

एवढं कळलं की आखणीच बदलते. हॉटेलात जेवायचं त्या दिवशी ज्या गोष्टी ताज्या होतात त्या मागवाव्यात: साधी तूरडाळ, जिरा आलू, त्या दिवशी मंडईतून आलेली भाजी, तव्यावरची रोटी. ‘तवा रोटी’ असं स्पष्ट सांगितलं तर बहुतेक ठिकाणी मिळते. ती आपल्या पोळीहून जाड असते, पण बाबांच्या दाताला चालते. मुलीसाठी ‘बिना मिर्च’ एवढ्यावर थांबू नका. ग्रेव्हीत तिखट आधीच पडलेलं असतं, तेव्हा ग्रेव्ही नसलेला पदार्थ मागा. गुरुवारचं सांगायचं तर ‘व्रत का खाना’ म्हणा. साबुदाणा मिळालाच तर खीर किंवा शेंगदाणे घातलेली खिचडी मिळेल. नाहीतर कुट्टू, म्हणजे शिंगाड्याच्या पिठासारखंच उपासाला चालणारं पीठ, त्याची पुरी आणि दही.

घरचं ताट

ओरछ्यापासून जवळच लाडपुरा खास नावाचं गाव आहे. 2021 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या ‘सर्वोत्तम पर्यटन गाव’ स्पर्धेसाठी भारतानं ज्या तीन गावांची नावं पाठवली, त्यांतलं हे एक. मध्य प्रदेश पर्यटनाच्या ग्रामीण योजनेतून इथल्या काही कुटुंबांनी मातीच्या भिंतींच्या, सारवलेल्या अंगणाच्या खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या. ओरछ्यातल्याच गंज वस्तीत ‘फ्रेंड्स ऑफ ओरछा’ या संस्थेनं त्याआधीच घरगुती मुक्काम सुरू केले होते. या दोन्हीकडं एक गोष्ट होते जी हॉटेलात होत नाही: जेवण घरातल्या चुलीवर, घरातल्या बाईच्या हातचं असतं.

लाडपुऱ्यात दुपारी अंगणात गोवऱ्यांचा ढीग पेटवलेला होता. ज्वाला विझून निखारा झाला तसा घरच्या अम्मांनी त्यात भरताची वांगी, टोमॅटो आणि लसणाचा अख्खा गड्डा सरकवला. शेजारी परातीत जाडसर कणीक, मीठ आणि ओवा घालून घट्ट मळलेली. तिचे गोळे हातावर चपटे करून त्यांनी निखाऱ्यावर मांडले, एक बाजू धरली की चिमट्यानं उलटले आणि शेवटी राखेत पुरले. या गकरिया. बाटीसारख्याच, पण चपट्या, म्हणून लवकर भाजतात आणि आतून कच्च्या राहत नाहीत. बाहेर काढून फडक्यानं राख झटकली, दोन तळव्यांत दाबून तडा पाडला आणि त्या फटीत तूप सोडलं. वांगी सोलून पाट्यावर हिरवी मिरची आणि तो भाजका लसूण घालून ठेचली. तेल नाही, फोडणी नाही.

मी जळगावकडच्या भरिताचं सांगितलं तर त्यांनी कांद्याची पात घालतात का ते विचारलं. घालतात म्हटल्यावर मान डोलावली, पण इकडं त्याची गरज नाही असं ठामपणे सांगितलं.

अशा घरी काय मागायचं, हा पाहुण्यांचा पुढचा प्रश्न. ‘बुंदेली थाली’ असं मागितलं तर पनीर येण्याची शक्यता जास्त, कारण घरची बाई आपल्याला पाहुणा समजते. त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करून नेमकं सांगावं: कढी आणि बरा, किंवा गकरिया-भरता, किंवा थोपा. ‘घर में जो बनता है वही’ हे वाक्य दोनदा म्हणावं लागतं. पहिल्यांदा त्यावर विश्वास बसत नाही. महुआ मागायचा असेल तर लाजेला बाजूला ठेवून आपणच विषय काढावा. मुरका घरात असतोच, आणि तो डब्यातून निघाला की सगळ्यांचे चेहरे खुलतात. पाण्याचं मात्र आधी बोलून घ्या. हातपंपाचं पाणी घरच्यांना सोसतं म्हणून आपल्याला सोसेलच असं नाही. बाटली सोबत ठेवायला कुणी नको म्हणत नाही.

तिसरा मार्ग पंगतीचा. मार्गशीर्षातल्या विवाहपंचमीला ओरछ्यात रामराजाचं लग्न लागतं. त्याआधी मंडपाच्या दिवशी मोठी पंगत बसते आणि तिला निमंत्रण लागत नाही. हा दिवाळी अंक हातात असताना विवाहपंचमी फार लांब नसेल. पत्रावळीवर काय वाढलं जातं हे बघायला आणि जेवायला याहून चांगला दिवस नाही. त्या दिवसांत खोली मात्र आधीच धरून ठेवावी लागते.

खजुराहोच्या वाटेवर

ओरछा ते खजुराहो अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता दोन राज्यांतून आत-बाहेर करत जातो. बरुआसागर उत्तर प्रदेशात, निवाडी मध्य प्रदेशात, मऊरानीपूर पुन्हा उत्तर प्रदेशात आणि नौगावपासून कायमचं मध्य प्रदेश. बहुतेक गाड्या सकाळी न थांबता निघतात आणि दुपारी उशिरा, पोटात कावळे ओरडत असताना खजुराहोला पोचतात. थांबायच्या जागा मात्र वाटेतच आहेत.

बरुआसागरला ओरछ्याच्या राजानं बांधलेला मोठा तलाव आहे आणि गावाचं आलं प्रसिद्ध आहे. इथं गाडी थांबवून चहा घ्यावा, आलं जरा जास्त टाकायला सांगून. मऊरानीपूरला हिवाळ्यात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि हिरवी चटणी मिळते. दुपारपर्यंत मुलं त्यावर टिकतात. पुढं महोबा-छतरपूरचा पट्टा पानाचा. बरेजांमध्ये, म्हणजे गवताच्या छपराखाली, चौरसिया कुटुंबं वेली जपतात. महोब्याच्या देसावरी पानाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पान पातळ आणि करकरीत असतं, तोंडात चोथा उरत नाही.

खजुराहोत पोचल्यावर मात्र जेवणाचा नूर पालटतो. पश्चिम समूहाच्या देवळांसमोरच्या गच्च्यांवर गेली कित्येक दशकं पाठपिशवीवाले परदेशी बसत आले. मेनूत पास्ता आहे, पॅनकेक आहे, थाळीही आहे. गच्चीवर बसायचं ते देवळांच्या शिखरांवर पडलेलं उतरतं ऊन बघायला. जेवणाची अपेक्षा बेताची ठेवावी. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघायचा असेल तर जेवण त्याच्या आधी उरकायचं की नंतर, हे ठरवून ठेवा. तो सुटला की सगळी गर्दी एकदम त्याच चार रस्त्यांवर येते. जैन कुटुंबांची सोय पूर्व समूहाजवळ आहे. तिथल्या धर्मशाळेच्या आसपास सूर्यास्ताआधीचं साधं जेवण मिळतं, आणि जैन नसलेल्यांनाही ते पोटाला हलकं पडतं. 20 फेब्रुवारीच्या सुमारास नृत्यमहोत्सव असतो. त्या आठवड्यात खोलीच काय, टेबलही आधी सांगून ठेवावं लागतं.

आखणी कशी करावी

हे सगळं बघून झाल्यावर यादी हॉटेलांच्या नावांची करावीशी वाटत नाही. नावं बदलतात, आचारी बदलतो, मालक पोराच्या हाती दुकान देतो. ज्या गोष्टी बदलत नाहीत त्यांच्यावर बेत बांधावा. रामराजाचे पट कधी बंद होतात, गतिमान कधी येते, पुष्य कधी आहे, बाजार कुठल्या वारी भरतो. सकाळचा नाश्ता हलवायाकडं, कारण त्याची कला पक्क्या अन्नाची आणि सकाळची कढई ताजी. दुपारचं जेवण गटांच्या बुफेनंतर किंवा आधी. रात्रीची निदान दोन जेवणं सांगून ठेवलेली, कुणाच्या तरी घरी. म्हाताऱ्यांसाठी आणि लहानांसाठी पिशवीत खाकरे, भडंग, लिंबू-साखर-मीठ असावं, म्हणजे बाकीच्यांना धाडस करता येतं.

झाशीत एक दिवस असेल तर तो आवर्जून ठेवा. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाईंचं लग्न 1842 साली जिथं लागलं ते गणेश मंदिर तिथं आहे, आणि झाशीतली मराठी कुटुंबं अजून त्या मंदिराशी जोडलेली आहेत. गोडसे भटजींसारखं दार ठोठावायची गरज नाही. पण देवळात दोन शब्द मराठीत बोललात तर पुढचं जेवण कुठं चांगलं मिळेल हे कुणीतरी सांगतंच.

आता एक शंका. सगळ्यांनीच असं ‘घरचं’ मागायला सुरुवात केली तर? तर थोपा एक दिवस मेनूकार्डावर येईल, तांबड्या ग्रेव्हीत, ‘थोपा मसाला’ म्हणून. हे होऊ शकतं. पण दुसरी बाजूही आहे. कठियाचा दलिया, महुआ, आंवरिया यांना गिऱ्हाईक मिळालं तर गरौठ्याच्या शेतकऱ्याला भाव मिळेल, आणि जे अन्न घरची बाई पाहुण्यापासून लपवते ते ती ताठ मानेनं वाढेल. लाडपुऱ्यातल्या अंगणात हे घडायला लागलं आहे. ते वाढायचं की मसाल्यात बुडायचं, हे पाहुण्यांनी काय आणि कसं मागितलं त्यावर ठरेल. तेव्हा खोलीचं आरक्षण झालं की लगेच दुसरा फोन करा, आणि डाळ आदल्या रात्रीच भिजत घालायला सांगा.